पाटीवरचं नाव

तलमडुगूच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडम आदिलाबादच्या बसस्टँडवर बसची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर दोघीजणींचं बोलणं चांगलंच तापलं होतं.

"काऊन वं पूनम, एवढी चिडली?"

"चिडू नाही तं काय करू, मावशी? पोरीच्या शाळेत शिकवलं, नेटवर आपला फोटो टाकू नका, नाव सांगू नका, शाळा सांगू नका."

"चांगलंच शिकवलं की."

"तास संपला अन् सर म्हणे, आता पाटी धरून रांगेत उभ्या राहा. फोटो काढून नेटवर टाकाचा हाय."

"कायले?"

"शिकवल्याचा पुरावा पाहिजे म्हणते वरच्याईले! पाटीवर नाव, वर्ग, शाळा, सारं."

"अन् तुही पोरगी?"

"उभीच नाही राह्यली. म्हणाली, सर, तुमीच तं आत्ता नाही म्हणलं."

"बरोबर बोलली."

"बरोबर? रजिस्टरात गैरहजेरी लावली तिची! साऱ्या पोरी शिकल्या म्हणे, एक माहीच राह्यली."

"मंग आता?"

"सोमवारी एकटीले बोलावलं फोटोले. मी बी जाईन. पाटी मीच धरीन, अन् तिच्यावर सरांचं नाव लिहीन, फोन नंबर लिहीन, घरचा पत्ता लिहीन. मंग काढा म्हणा फोटो, अन् टाका नेटवर!"

प्रतिभा मॅडमच्या हातातला फोन वाजला. त्यांच्या मुख्याध्यापकांचा मेसेज होता: "मॅडम, तुमच्या वर्गाचे पाटीवाले फोटो अजून आले नाहीत."