नव्वद लेव्हलची मावशी

मावशी : ...आणि त्या माउसला हात लावू नकोस. डावं बटण अडकतं त्याचं. फक्त मलाच जमतं ते.

भाचा : मावशी, मी खेळायला नाही आलो.

मावशी : मग सहा महिन्यांनी भर दुपारी उगवलास तो कशाला? ऑफिसला सुट्टी आहे का?

भाचा : ऑफिसनंच पाठवलंय. म्हणजे मीच म्हटलं, मी जातो. दुसरा कुणी आला असता तर कागद हातात देऊन गेला असता.

मावशी : कसला कागद?

भाचा : तुझा गेम बंद होतोय. आज चार वाजता.

मावशी : आज?

भाचा : आज.

मावशी : आणि आत्ता अडीच वाजलेत. वा रे वा! रिटायर झाल्यावर मला करमेना म्हणून तूच हा गेम लावून दिलास, तुझ्याच कंपनीचा, आणि आता तूच टाळं लावायला आलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

भाचा : मी नाही बंद करत गं. यादी वरून येते.

मावशी : मग वर सांग, इथं चाळीस माणसं राहतात म्हणावं. रोज सकाळी अकराला विहिरीपाशी जमतात. निळी टोपी, गाढवस्वार, सरदारीणबाई, सगळे. त्यांनी कुठं जायचं?

भाचा : त्यांच्याबद्दलच बोलायचंय. आधी एक सांग. तू नव्वद लेव्हलला कधी पोचलीस?

मावशी : चार वर्षं झाली. का?

भाचा : नव्वदच्या पुढे तर काही नाही गेममध्ये. लोक तिथं पोचले की सोडून जातात. तू का नाही गेलीस?

मावशी : गेलेच असते. शेवटचा राक्षस मारला, आकाशात रोषणाई झाली, अभिनंदन अभिनंदन. दुसऱ्या दिवशी सकाळी गेम लावला तर करायला काही नाही. टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं होतं ना, तेव्हा झालं होतं अगदी तस्संच. बत्तीस वर्षं “थांबा, जोडते” म्हणायचं आणि एके दिवशी जोडायला कुणीच नाही. मग काय, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मी आपली पहिल्या गावात जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसले. तेवढ्यात फाटकातून एक नवखा आला. त्याला जमिनीवरची काठी उचलता येईना. बाकीचे धाडधाड त्याच्या अंगावरून पळत होते. मी म्हटलं, “घाबरू नका. काठी तुमच्या पायाशीच आहे. जरा खाली वाका.” झालं! त्या दिवसापासून तीच माझी नोकरी. मग माझं बघून आणखी थांबले. गाव झालं.

भाचा : नवख्यांना तू गावाबाहेरच्या पुलापर्यंत सोडतेस. बरोबर?

मावशी : तुला कसं माहीत?

भाचा : आमच्याकडे नोंदी असतात. पुलावर चढताना तू दोनदा गोल फिरतेस.

मावशी : अरे, ते बटण अडकतं म्हणून. मी कशाला फिरतेय हौसेनं!

भाचा : मग बाकीचे चाळीस का फिरतात?

मावशी : कोण फिरतं?

भाचा : सगळे. पुलावर चढताना प्रत्येक जण दोनदा गोल फिरतो. तू कधी बघितलं नाहीस?

मावशी : बघितलं की. मला वाटलं, माझी गंमत करतात.

भाचा : मावशी, ती माणसं नाहीत.

मावशी : हं?

भाचा : बॉट आहेत. खोटी माणसं. लोक कमी व्हायला लागले तेव्हा कंपनीनं भरली. नवीन कुणी आलं तर गाव ओसाड दिसू नये म्हणून. ती खऱ्या माणसांकडे बघून शिकतात. चालायला, बोलायला.

मावशी : निळी टोपी?

भाचा : नाही.

मावशी : गाढवस्वार तरी असेल. त्याची पाठ दुखते रे. बसवत नाही त्याला फार वेळ.

भाचा : पाठ तुझी दुखते, मावशी.

मावशी : सरदारीणबाईच्या नळाला परवा दोन दिवस पाणी नव्हतं.

भाचा : तुझ्या नळाला नव्हतं. तू फोनवर सांगितलंस मला.

मावशी : ...पंखा वाढव रे जरा.

भाचा : पाणी देऊ?

मावशी : नको. कधीपासून?

भाचा : तो ट्रकवाला आठवतो? मुलगी झाली म्हणून निरोप घेऊन गेला तो?

मावशी : आठवतो ना. सगळ्यांनी मिळून तिचं नाव सुचवलं होतं.

भाचा : तो शेवटचा. त्याला सव्वा वर्ष झालं. त्यानंतर बघायला त्यांच्यापुढे तू एकटीच होतीस. म्हणून चाळीसच्या चाळीस तुझ्यासारखे झाले. रागावू नकोस, पण सव्वा वर्ष तू स्वतःशीच बोलतेयस.

मावशी : झालं तुझं सांगून? आता माझं ऐक. तुला बोलायला कुणी शिकवलं?

भाचा : तू.

मावशी : फोन ठेवताना तू “बरंय मग” म्हणतोस ते कुणाचं? शर्टाचं वरचं बटण आधी लावतोस ते कुणाचं? आई तरी दुसरं काय करते? आपलेच शब्द पोराच्या तोंडात घालते, आणि ते बोललं की म्हणते, किती गोड बोलतं माझं बाळ! मी तुझ्याशी बोलते तेव्हा काय स्वतःशीच बोलते?

भाचा : मी माणूस आहे गं.

मावशी : आहेस ना? सहा महिन्यांत एकदा उगवतोस. ते रोज अकराला येतात. ...असू दे. जिव्हारी लागलं म्हणून बोलले. चहा टाकू?

भाचा : वेळ नाही. पावणेतीन होऊन गेले.

मावशी : ते खोटे तर खोटे. पण नवखे? ते तर खरे आहेत? रोज एक तरी येतो बाबा. काल एक पोरगी आली, नावच मुळी “भित्री भागूबाई”. काठी उचलताना तीनदा पाडली. हसून हसून पुरेवाट झाली माझी! अर्धा तास धडपडली, मग पुलापर्यंत सोडलं तिला.

भाचा : तेच मला ऑफिसात कुणाला सांगता आलं नाही.

मावशी : काय ते?

भाचा : सव्वा वर्षात गेममध्ये एकही नवीन माणूस आलेलं नाही.

मावशी : मग मी काठी दाखवते कुणाला?

भाचा : त्यांनाच. रोज त्या चाळीसांपैकी एक जण स्वतःचं सगळं पुसून टाकतो. नाव, कपडे, नव्वदच्या नव्वद लेव्हल. बाहेर जातो आणि दुसरं नाव घेऊन फाटकातून परत येतो. काठी उचलता येत नाही म्हणून उभा राहतो, तू येईपर्यंत.

मावशी : काहीतरीच काय!

भाचा : काल भागूबाई झालेली तुझी निळी टोपी होती. गेली दोन वर्षं नव्वदवर होती ती. तुझ्याकडून काठी उचलायला शिकली आणि आज पुन्हा पहिल्यापासून चढतेय.

मावशी : म्हणून आज ती दिसली नाही. मला वाटलं, बरं नसेल. पण तुमचीच करामत असेल ही, कंपनीची.

भाचा : मी सगळं तपासलं, मावशी. दोन रात्री बसलो होतो. हे करायला त्यांना आम्ही कुणीच सांगितलेलं नाही. आणि तू तर कधी तसं केलं नाहीस, मग बघून तरी कुठून शिकणार?

मावशी : बघू. आणखी काही असेल तर तेही सांगून टाक.

भाचा : तू मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होतीस, अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत एकही नवखा आला नाही.

मावशी : मग काय करत होते ते?

भाचा : उभे होते. चाळीसच्या चाळीस, विहिरीकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड. एकही हलला नाही. मी ती नोंद पुढं पळवून बघितली. दिवस मावळतो, उजाडतो, पाऊस पडतो, सगळे तिथंच. बाराव्या दिवशी तू आलीस आणि चार मिनिटांत एक जण गेला पुसून घ्यायला.

मावशी : अंगावर काटा आला रे.

भाचा : माझ्याही आला होता. म्हणून तर म्हणतोय, होऊ दे बंद. हे काही बरं लक्षण नाही. तू माझ्याकडे चल राहायला.

मावशी : काटा आला म्हणून माणसं टाकायची का? मी खुळी, मला वाटायचं मी त्यांना मार्गाला लावते. आणि तेच रोज एकेक करून उतरत होते, म्हातारीचा हात रिकामा राहू नये म्हणून. मला सांग, हे तुमच्या यादीत का आलं?

भाचा : नवीन माणूस येत नाही म्हणून. सव्वा वर्षात एक जरी खरं माणूस नव्यानं आलं असतं तरी नाव आपोआप निघालं असतं.

मावशी : त्यांचं येणं धरत नाहीत?

भाचा : आमची यंत्रणा त्यांना ओळखते. खऱ्या माणसाचं ओळखपत्र लागतं.

मावशी : माझं आहे.

भाचा : तुझं आधीच लागलंय. एका माणसाला एकच खातं.

मावशी : आणि मी पुसलं तर?

भाचा : मावशी, नको. अकरा वर्षं घातलीस त्यात. परत मिळत नाही ते. एकदा पुसलं की नव्वद लेव्हल, तुझं नाव, ते जुन्या लोकांनी दिलेलं चांदीचं कर्णफूल, सगळं जातं.

मावशी : त्यांचं नाही जात?

भाचा : त्यांना काय वाटतं त्याचं!

मावशी : तू विचारलंयस का त्यांना? कुठं दाबायचं ते दाखव.

भाचा : शिवाय ते तुला ओळखणार नाहीत. तू त्यांना कुणीतरी परकी बाई दिसशील. चाळीसांत एकालाही माहीत नसेल की ही तू.

मावशी : मी बत्तीस वर्षं न दिसणाऱ्या माणसांशी बोललेय. सव्वातीन झाले. दाखवतोस, की मी आपली शोधू?

भाचा : ...वर उजवीकडे. तिसरं. नाही, त्याच्या खालचं. आता विचारेल, नक्की का?

मावशी : नक्की.

भाचा : पुन्हा विचारेल.

मावशी : किती विचारतं मेलं! नक्की, नक्की. ...हे काय, संपलं एवढ्यात?

भाचा : संपलं. रडतेस होय?

मावशी : मग काय नाचू? ओळखपत्राचा नंबर वाचून दाखव, माझा चष्मा तिकडं आहे. आणि नाव काय घालू?

भाचा : घाल काहीही.

मावशी : “नवीन बाई.” बास.

(त्याचा फोन वाजतो. तो स्पीकर चालू करतो.)

साहेब : अहो, तुम्ही त्या शेवटच्या खातेदाराकडे गेला होतात ना? तो गेम यादीतून गेला की! आपोआप. तुम्ही काही केलंत का?

भाचा : मी काही नाही केलं, सर. एक नवीन माणूस आलं.

साहेब : सव्वा वर्षानं? आजच?

भाचा : योगायोग म्हणायचा, सर.

साहेब : ठीक आहे. मग आणखी सव्वा वर्ष चालू राहील, नियमानं. तुम्ही निघा आता तिथून.

भाचा : मी आज थांबतोय, सर. बरंय मग.

मावशी : ठेवलास? ये इकडं. फाटक उघडलं.

भाचा : आले का ते?

मावशी : सगळे. गोल करून उभे आहेत. बाई गं, इथून किती उंच दिसतात! आणि मला खरंच काठी उचलता येत नाहीये, बघ. नेमकं आत्ताच बटण अडकलं.

भाचा : काही बोलतायत?

मावशी : नाही अजून. निळी टोपी पुढं येतेय. म्हणजे भागूबाई. ती खाली बसली.

भाचा : काठी दाखवेल आता.

मावशी : काठीकडे बघतच नाही ती. काहीतरी लिहितेय. वाच तू, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

भाचा : “बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी इथंच बसलेय तुझ्या शेजारी. भूक लागली की नुसतं माझं बोट ओढ.”

मावशी : पुन्हा वाच.

भाचा : “...नुसतं माझं बोट ओढ.” मावशी, हे तू म्हणतेस नवख्यांना?

मावशी : छे! नवख्यांना मी अहो-जाहो करते. आणि बोट कुठलं ओढणार गेममध्ये?

भाचा : मग हे कुठून आलं त्यांच्याकडे?

मावशी : मी हे आयुष्यात एकदाच म्हटलंय. तुझ्या आईला घाटावर पोचवून आलो त्या संध्याकाळी. तू सहा वर्षांचा होतास, या दाराशी उभा होतास आणि काही केल्या आत येत नव्हतास.

भाचा : तेव्हा तर हा गेमच नव्हता.

मावशी : गेम कुठला! घरात तेव्हा आपण दोघंच होतो.