सुनेच्या नवऱ्याला काय म्हणतात?

सासू : हळू गं, हळू! केस विंचरतेस की गवत उपटतेस?

सून : गुंता झालाय, आई. मान सरळ धरा.

सासू : मान सरळ धरता आली असती तर तुझ्या हातात दिली असती का? अर्धं अंग गेलंय माझं, अक्कल नाही गेली. हा निळा ड्रेस कुठून काढलास? माझा मुलगा गेल्यापासून करड्या रंगाशिवाय काही घातलं नाहीस, आणि आज एकदम आभाळ पांघरून उभी.

सून : चर्चला जायचंय.

सासू : चर्चला दर रविवारी जातेस. माझी खुर्ची ढकलायला. गाणी लागली की ओठ हलवतेस, आवाज काढत नाहीस. शेजारी बसते मी, कळतं मला. हा निळा रंग काही प्रभूसाठी नाही.

सून : नाही. प्रभूसाठी नाही.

सासू : म्हणजे तो येणार. तुझ्या रोपवाटिकेतला माळी.

सून : गेल्या रविवारीच येणार होते. तुम्ही खुर्चीतून पडलात.

सासू : पडले म्हणजे? चक्कर आली मला!

सून : चक्कर येणारा माणूस आधी चष्मा काढून बाजूला ठेवत नाही, आई.

सासू : बघितलंस होय? आणि तरी उचललंस.

सून : जमिनीवर ठेवून कशी जाणार होते?

सासू : तेच तर. जमिनीवर ठेवून तुला जाता येत नाही. मग सजण्या-धजण्याचा एवढा खटाटोप कशाला? चाळिशी आली. आरशात बघितलंस का? खत-मातीत हात घालून घालून नखं बघ कशी झालीत. त्याला बायको नको असेल गं, बिनपगारी मजूर हवा असेल.

सून : झाली वेणी. दुखतंय का कुठे?

सासू : दुखतंय. कुठे ते तुला सांगून उपयोग नाही. दार वाजतंय बघ. जा, धाव. पाय मुरगळेल, सावकाश धाव.

माळी : नमस्कार. पायातले बूट बाहेरच काढलेत. चिखल आहे, बर्फ वितळायला लागलाय सगळीकडे.

सासू : या. बसा. नाही, त्या खुर्चीवर नको. ती माझ्या मुलाची.

माळी : मग उभा राहतो. दिवसभर उभाच असतो मी.

सासू : तुम्हाला एक विचारू? मुलीच्या नवऱ्याला जावई म्हणतात. बहिणीच्या नवऱ्याला मेहुणा म्हणतात. सुनेच्या नवऱ्याला काय म्हणतात?

माळी : मुलगाच म्हणतात की.

सासू : तो मेला. त्याच्यानंतरच्या नवऱ्याला काय म्हणतात?

माळी : त्याला शब्द ऐकला नाही मी कधी.

सासू : नाहीच आहे! माणसांनी एवढी नाती मोजली, मावसदीर, चुलतसासरे, साडू. पण हे नातं काही कुणाला सुचलं नाही. का नाही सुचलं? असायलाच नको म्हणून.

माळी : शब्द सापडेपर्यंत माळी म्हणा. सगळे तेच म्हणतात.

सासू : गोड बोलता. हिला असंच बोलून वळवलंत वाटतं?

सून : हे फार बोलत नाहीत, आई. सबंध हिवाळा आम्ही एका छपराखाली कलमं बांधली. हे काप घ्यायचे, मी पट्टी बांधायची. रोज एकच वाक्य बोलायचे. घट्ट बांधा, पण गळा आवळू नका.

सासू : आणि त्यावर तू भाळलीस?

सून : एके दिवशी स्टोव्ह बंद पडला. मी थंडीने कुडकुडत होते. यांनी स्वतःचा कोट दिला आणि म्हणाले, तुम्हाला एक विचारायचंय, पण आत्ता नाही विचारणार. थंडीत माणूस उबेलाही हो म्हणतं. वसंत येऊ द्या, मग विचारतो.

सासू : वा! पाळकांना सांगते, प्रवचनात घेतील. बरं, वसंत आला. पण माळीबुवा, झाड घेताना तुम्ही मूळ बघता ना? हिचं मी दाखवते. दोनदा दिवस गेले होते हिला. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. हे सांगितलंय का हिने?

सून : आई.

सासू : सांगितलं नसेल. फळ धरत नाही म्हणून कोणी विक्रेता पाटी लावतो का रोपावर?

माळी : सांगितलंय. ज्या दिवशी कोट दिला त्याच दिवशी.

सासू : बरं. मग हे सांगितलंय का, की हिच्या नवऱ्याला ही नको झाली होती?

माळी : ताई, हे...

सासू : मी ताई नाही तुमची. ऐकून घ्या. तूही ऐक. मी इतकी वर्षं झाकून ठेवलं, तुझी लाज राहावी म्हणून. सगळ्या चर्चला सांगितलं, मुलगा कामासाठी शहरात निघाला होता, बस उलटली. तो कामाला नव्हता निघाला. तुला सोडून निघाला होता. कापडदुकानातली एक मुलगी होती, तिच्याबरोबर. सकाळी माझ्या पाया पडला आणि म्हणाला, आई, मला या घरात श्वास घेता येत नाही. त्याची बॅग मी भरून दिली. या हातांनी. तेव्हा दोन्ही चालत होते. आता रड. रड की! तोंडाकडे काय बघतेस?

सून : मला माहीत आहे.

सासू : काय माहीत आहे?

सून : सगळं. बॅग तुम्ही भरलीत, तेही. त्याचा निळ्या रेघांचा सदरा मी वाळत घातला होता. तो ओलाच काढून तुम्ही आत कोंबला होता.

सासू : कुणी... तुला कुणी सांगितलं?

सून : तिने. ती वाचली ना त्या बसमधून. दफनानंतर महिन्याभराने रोपवाटिकेत आली, कुबडी घेऊन. रोप घ्यायचंय म्हणाली आणि माझ्यासमोर मातीतच बसली.

सासू : तेव्हापासून? आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?

सून : नाही.

सासू : मला दर रविवारी खोटं बोलू दिलंस? पाळकांसमोर? लोकांसमोर? मी आपली तुझ्यावर उपकार केल्यासारखी...

सून : तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं, आई. मुलगा गेला, हात गेला, पाय गेला. सुनेपेक्षा आपल्याला काहीतरी जास्त माहीत आहे, एवढंच शिल्लक. ते कसं काढून घेऊ?

सासू : दया! माझ्यावर दया करत होतीस तू! माझं गू-मूत काढताना मनात हसत होतीस!

सून : हसत नव्हते. दयाही नव्हती. खरं सांगू? आज निळा घातलाय, खोटं बोलवत नाही. मला तुमचा राग होता. इतका की कधी कधी चमचा तुमच्या तोंडात घालताना तो मुद्दाम दातांवर आपटायचे. या हिवाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली तर निघाली. तुमच्या छातीतून किटलीसारखा आवाज येत होता. मी या पलंगापाशी गुडघे टेकले. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा. पहिल्यांदा आवाज काढून प्रार्थना केली.

सासू : काय मागितलंस?

सून : तुमचं मरण.

सासू : ऐकलंत? माळीबुवा, ऐकलंत ना?

सून : ऐकू दे. देवा, हिला उचल, म्हटलं. मला हा एक माणूस आवडतो, मला एक वसंत दे. हिला मातीत घाल आणि मला बाहेर काढ. असंच म्हटलं, याच शब्दांत. मग डोकं पलंगाला टेकून तिथेच झोपले.

सासू : ऐकली नाही वाटतं तुझी.

सून : ऐकली. मानली नाही. सकाळी जाग आली तर तुम्ही म्हणत होतात, मेला चहा कुठाय? आणि आई, मला आनंद झाला. का झाला ते मला कळेना. स्वयंपाकघरात जाऊन तुमचा चहा टाकला. ज्याच्या मरणासाठी रात्री हात जोडले, त्याच्या शिव्या ऐकून सकाळी डोळ्यांत पाणी येतं? हे माझं नव्हतं. माझ्या मनात असलं काही नव्हतंच. तेव्हा वाटलं, कुणीतरी आहे. माझंच मन देव असतं तर तुम्ही केव्हाच गेला असतात.

सासू : छान. मला मारायला देव शोधलास आणि तो सापडला! माळीबुवा, आता बोला. उद्या तुम्ही आजारी पडाल. अंथरुणाला खिळाल. ही उशाशी बसून हात जोडेल. काय मागत असेल, झोप लागेल तुम्हाला? चालेल अशी बायको?

माळी : माझी बायको आजारी होती. पहिली. दोन वर्षं पलंगावर.

सासू : माहीत आहे. सगळ्या चर्चला माहीत आहे, किती सेवा केलीत ते.

माळी : सेवा केली ते माहीत आहे. पुढचं कुणाला माहीत नाही. शेवटी शेवटी तिला माझी ओळख राहिली नव्हती. मी दमलो होतो. शिशिर संपत आला होता, छाटणी राहिली होती, माझी झाडं माझ्याशिवाय वाया चालली होती. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून तेच मागितलं जे यांनी मागितलं. शब्दसुद्धा तसेच.

सासू : आणि?

माळी : माझी मानली गेली.

सून : तुम्ही मला हे...

माळी : तुम्हालाही सांगितलं नव्हतं. आज विचारायच्या आधी सांगणार होतो. मी चहा करायला उठलो, परत आलो तर संपलं होतं. लोक म्हणाले, सुटली. मी म्हटलं, नाही, मी सोडवून घेतलं. स्वतःला. पुढचं वर्षभर मी रोज चर्चमध्ये जाऊन बसायचो. श्रद्धा म्हणून नाही हो. भांडायला. तू का ऐकलंस, माणूस दमल्यावर काहीही बोलतो, तू तरी शहाणा होतास ना. रोज तेच. पाळक म्हणायचे, किती भक्ती! भांडता भांडता बोलायची सवय लागली. मग एकदा लक्षात आलं, रिकाम्या खोलीशी कुणी इतके दिवस भांडत नाही.

सून : हो.

माळी : काय हो?

सून : तुम्ही जे विचारायला आलात त्याला. हो.

माळी : मी अजून विचारलं नाही.

सून : विचारू नका. पुन्हा कुणी मध्ये बोलायच्या आत हो म्हणून टाकलं.

(सासू चालत्या हाताने ब्लँकेटचा काठ ओढते, सोडते, पुन्हा ओढते.)

सासू : छान जोडी आहे. दोन खुनी. एकाचा नेम लागला, एकीचा चुकला.

सून : हो, आई.

सासू : आणि माझं काय? चर्चच्या वृद्धाश्रमात टाकणार? टाका. दर रविवारी तिथल्या बायकांना सांगेन, सुनेने नव्या नवऱ्यासाठी मला फेकून दिलं.

सून : आमच्या घरी यायचं तुम्ही. यांच्या घराला पायऱ्या नाहीत. मागची खोली यांनी रंगवून ठेवली आहे.

सासू : मला विचारलं होतं?

माळी : नाही विचारलं. नाही म्हणाल हे माहीत होतं.

सासू : प्रेमाने नेणार का मला?

सून : नाही. अजून तरी नाही. खोटं नाही बोलणार. पण आंघोळ गरम पाण्याने घालेन.

सासू : लग्नात मी पहिल्या बाकावर बसून रडेन. मोठ्याने. शपथांच्या वेळी.

सून : पहिल्या बाकाच्या कडेला खुर्चीला जागा ठेवते.

सासू : आणि तुला मी म्हणणार काय? सून? मुलाची बायको नाही राहिलीस.

सून : हाक मारा म्हणजे झालं. मी येते.

सासू : निर्लज्ज आहेस. सगळी मऊ माणसं निर्लज्ज असतात. माळी, व्हॅन आणलीय का?

माळी : दारात आहे. फळी लावून ठेवलीय, खुर्ची सरळ वर चढेल.

सासू : जरा थांब. घाई नको. ए...

सून : काय, आई? शाल देऊ?

सासू : शाल नको. ती मुलगी. कुबडीवाली. ती तुझ्याकडे येऊन बसली, म्हणालीस. ती... त्याच्याजवळ होती का? शेवटी?

सून : होती. रस्त्याच्या कडेला. तिचाही पाय मोडला होता, पण ती सरपटत त्याच्यापाशी गेली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

सासू : इतकी वर्षं हेच विचारायचं होतं मला. विचारायला कुणी नव्हतं. विचारलं असतं तर बॅग मी भरली हे उघडं पडलं असतं ना. काही बोलला का तो?

सून : बोलला.

सासू : माझं नाव घेतलं?

सून : नाही.

सासू : तुझं?

सून : माझंही नाही. तिचंही नाही, आई. पाणी मागितलं.

सासू : मिळालं का त्याला?

सून : मिळालं.