पाचवं प्रकरण

गॅलरी कायमची बंद होणार होती, म्हणून चित्रकार न विकलेली चित्रं परत न्यायला मागच्या दाराशी रांगेत उभे होते. उरलेल्या फ्रेमा न्यायला आलेला फ्रेमवालाही त्यांच्यातच होता. त्याच्या पुढे एक वयस्क चित्रकार बाई आणि त्यांची भाची बोलत होत्या.

“तू शिकतेस ते नक्की काय गं?”

“चित्रांचा धंदा कसा चालतो, कसा बदलतोय, ते. मावशी, आता लोक चित्र फोनवरच बघतात आणि तिथेच घेतात.”

“जवळ जाऊन बघत नाहीत?”

“फारसं नाही.”

“मग माझं बारीक काम कुणाला दिसायचं? बरं, तुझ्या प्रबंधात मी आहे म्हणालीस. कुठे?”

“पाचव्या प्रकरणात.”

“त्यात काय आहे?”

“जाऊ दे ना.”

“सांग. मी काही रडत नाही.”

“गॅलऱ्या बंद झाल्यावर जे मागे पडले, त्यांच्याबद्दल आहे.”

“हं. खोटं नाही लिहिलंस.”

“पण तुझं नाव बदललंय हं. कुणाला कळणार नाही.”

“अगं, बदललंस कशाला? चाळीस वर्षांत कुठे छापून आलं नाही ते. तेवढं तरी राहू द्यायचंस.”

रांग पुढे सरकली, तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत. फ्रेमवाल्यानेही त्यांना पुढे व्हा म्हटलं नाही.