ड्रॉवरमधले बॅज

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आपले मोठे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि समोरच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मी ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर. माइक हातात धरायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जरा सांभाळून घ्या. "गोडगोड बोलून पळ काढू नका," असं सरांनी सकाळीच बजावलंय. त्यांची मुलगी, म्हणजे आपल्या छोट्या मॅडम, आजवर त्यांच्या हाताखाली होत्या, आता त्यांच्या जागी हाडांची ऑपरेशनं करणार आहेत. खरं सांगायचं तर मी बोलायला उभी राहिलेय ती त्यांच्या काळजीपोटी.

सर्जन कशाने मरतात हो? लोकांना वाटतं, डॉक्टर अमरपट्टा बांधून आलेत. आपल्या सर्जन-रूममधले तीन फोटो बघा. एकांना पेशंटची सुई टोचली, कावीळ झाली, यकृत गेलं. दुसरे सलग चौदा तास उभे होते, कपडे बदलताना बाकावरच कोसळले. तिसऱ्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यांच्याबद्दल आपण 'अचानक गेले' एवढंच म्हणतो. माफ करा साहेब, पण तसंच म्हणतो.

आणि आमचे सर? मोडलेलं हाड नीट बसलं की नाही, हे ते एक्स-रेच्या झोतात हात तसाच ठेवून बघायचे. मी काही बोलले की, "मी पाय सोडला तर धरणार कोण, तुम्ही?" म्हणून मलाच दटावायचे. आता, अंगात किती किरणं गेली हे मोजणारा एक छोटासा बॅज असतो, तो एप्रनवर लावायचा. त्याचा आकडा वाढला की ऑफिस त्या सर्जनची ऑपरेशनं महिनाभर बंद करतं. इकडे पेशंट ताटकळलेले. मग आमच्याकडे रीतच पडून गेली: आत शिरताना बॅज काढायचा आणि सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा. सरांचा बॅज अकरा वर्षं माझ्या बँडेजच्या गठ्ठ्याखाली पडून होता. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट यायचा, शून्य. काय सांगू तुम्हाला, त्या शून्याबद्दल आपल्या विभागाला प्रशस्तिपत्रक मिळालं! मीच हौसेने त्याला फ्रेम करून आणली.

मग सरांच्या उजव्या तर्जनीवर चामखीळ आली. "ग्लोव्हजमुळे असेल, सिस्टर." मलम लावलं. नख काळं पडलं, त्यावर पट्टी बांधली. तपासणी झाली तोवर बोट काढावं लागलं, मग शेजारचंही. आता गाठ काखेत उतरली आहे. हे सगळ्यांना सांगा, असं सरच म्हणाले. वहिनी, तुमच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत होत नाही.

आज सकाळी म्हटलं, हा ड्रॉवर एकदाचा रिकामा करून टाकू. आत सात बॅज निघाले. सगळ्यात वरचा छोट्या मॅडमचा होता.

मॅडम, खाली बघू नका. सर, तुम्हाला हे आत्ताच कळतंय, दिसतंय मला. वहिनींपासून एकदा लपवून बसले, आता तुमच्यापासून नाही जमणार. तो बॅज मी इथे टेबलावर ठेवलाय. उद्यापासून ज्याच्या एप्रनवर बॅज नाही, त्याच्या हातात मी सुरी देणार नाही. मेमो द्या, बदली करा, नाही म्हणजे नाही!

अहो सर, तुम्ही का उठलात? बसा ना, मी देते. बरं, बरं... तुम्हीच लावा. छोट्या मॅडम, या तुम्ही वर. अशा जवळ उभ्या राहा.

मला बोलू दिलंत, साऱ्यांची आभारी आहे. बोलताना माझी जीभ घसरली असेल तर माफ करा. अकरा वर्षं गप्प राहिले, त्याला मात्र करू नका. आणि एवढ्यात टाळ्या वाजवू नका कोणी. तीन बोटांनी पिन लावायची म्हणजे सरांना जरा वेळ लागतोय.