गाडी उभीच असते म्हणे

—नाही हो ताई, तुम्ही कशाला उठता, बसा, ही पिशवी मी खाली पायाशी ठेवते. मांडीवर घ्यायच्या लायकीची नाहीच ती. बघताय ना आत काय काय आहे? आमच्या गाडीतून निघालंय. तो टायवाला सुपरवायझर आला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या हातात देऊन गेला, 'मॅडम, गाडी धुवायच्या आधी आतलं सामान काढलंय.' मेलेला उंदीर टाकायला नेतात ना, तसं धरून. आता मला सांगा, माझं आहे का ते? गाडी जावयांची, घाण जावयांची, आणि चारचौघांत मान खाली कुणी घालायची, तर सासूने. आणि एवढ्यावर थांबला नाही तो शहाणा. म्हणतो कसा, 'मॅडम, तुमची गाडी उभीच असते, वापरात नाही.' अजून मिसरूड धड फुटलं नाही आणि मला शिकवतोय. अरे, आमचे जावई रोज सकाळी ह्याच गाडीतून ऑफिसला जातात—शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ऑफिस—आणि दिवेलागणीला परत येतात. मी स्वतः डबा भरून देते, गॅलरीतून बघते गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत. उभी असते म्हणे. तुमची झाली का गाडी? नाही ना. होईल हो, ह्या सर्व्हिस सेंटरवाल्यांना काही घाई नसते.

आज सकाळचीच गोष्ट. जावई खाली गेले आणि मला वरून दिसतंय—रिमोट दाबतायत, दाबतायत, गाडी ढिम्म. जवळ जाऊन दाबला, दाराला लावून दाबला, तळहातावर आपटला. मग त्यातला तो बटणाएवढा सेल काढला, शर्टाला पुसला, तोंडाने फू फू केलं आणि तेच तोंड शर्टाच्या बाहीला पुसलं. शी. इस्त्रीचा शर्ट हो. मी खाली गेले तर म्हणाले, 'आई, तुम्ही राहू द्या, मी बसने जातो, संध्याकाळी बघतो गाडीचं.' आणि रिमोट तिथंच बॉनेटवर टाकून गेले की तरातरा, डबासुद्धा विसरले. आता तुम्हीच सांगा, संध्याकाळपर्यंत कशी राहू देऊ? लेकीला नववा लागलाय. रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या आणि गाडी अशी मख्खासारखी उभी राहिली तर मी काय तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठू? घेतला रिमोट, लावला इथं फोन. आला तो टायवाला एका मेकॅनिकला घेऊन. त्याने काय केलं माहितीये—रिमोटची एक बारीक कळ सरकवली आणि आतून ही एवढीशी किल्ली काढली. साधी किल्ली, लोखंडाची. दार उघडलं. म्हणजे एवढे दिवस पोटात किल्ली होती आणि आम्ही आपले बटणं दाबतोय. बरं, दार उघडलं तर आत गाडीची बॅटरीही मेलेली. मग वायरी जोडून, धक्के देऊन कशीबशी सुरू केली आणि आणली. मी मागच्या सीटवर बसून आले. बसले म्हणजे काय, पदर नाकाला लावून टेकले. गाडीत एक वास होता ताई, काय सांगू—शिळं अन्न, पायमोजे आणि त्यावर तो सुवासिक चौकोन लटकवलेला. नुसत्या घाणीपेक्षा ती झाकलेली घाण वाईट.

ह्या घाणीत माझ्या नातवाला आणायचं? नात असो, नातू असो, जे काय असेल ते. बाळासाठी तर लेक नोकरी सोडतेय. उद्या राजीनामा देणार. चांगली नोकरी आहे हो, मी म्हटलं होतं, रजा घे, मी आहे सांभाळायला. तर जावईच म्हणाले जेवताना, 'सोड तू खुशाल, मी आहे ना.' ताटातून मान वर न करता म्हणाले, पण म्हणाले. मला बरं वाटलं ते ऐकून, खोटं का बोलू. म्हटलं, माणूस पसारेबाज असेल, गबाळा असेल, पण जबाबदारी घेतोय. घरजावई म्हणून लोक नाक मुरडतात, त्यांना म्हटलं सांगायला झालं.

तो बघा, परत आला टायवाला. नाही, तुमच्याकडे नाही, माझ्याकडेच बघतोय. काय रे बाबा? ... बदल ना मग. जे जे लागेल ते बदल, मला कशाला विचारतोस.

ऐकलंत? बॅटरी नवीनच टाकावी लागेल म्हणे. मला मघाशी बॉनेट उघडून दाखवली, त्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखं काहीतरी. म्हणाला, 'गाडी रोज सुरू होते, पण थोडीशीच जाते. मग बंद करून आत कुणीतरी गाणी लावतं, पंखा लावतं, त्याने बॅटरी उतरते आणि पुन्हा भरायला गाडी तेवढी पळतच नाही.' मी म्हटलं, गाडी कुठपर्यंत जाते ते तू मला सांगणार? तर गेला खाली वाकून आणि चाकाच्या आतली ती ब्रेकची चकती दाखवली. तांबडी झालेली, गंजून. 'रोज ट्रॅफिकमध्ये ब्रेक लागले असते मॅडम, तर ही घासून आरशासारखी चकचकीत असती. आणि ब्रेक पॅड तर नव्यासारखे आहेत.' म्हटलं, जावई सावकाश चालवतात. तर म्हणतो, 'कितीही सावकाश चालवली तरी किलोमीटर वाढतात की नाही?' आणि मागच्या सर्व्हिसिंगनंतर वाढलेत किती, तर एवढेसे. माझ्या चपला जास्त चालल्या असतील त्याहून. आणि रिमोटचं काय, तर रिमोट सारखा गाडीच्या जवळ राहिला की दोघं आपसांत बोलत राहतात म्हणे, दिवसभर, म्हणून सेल लवकर संपतो. मी म्हटलं, वा, आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नाही, मोबाइलमध्ये डोकी, आणि हे रिमोट आणि गाडी गप्पा मारत बसतात. हसला मेला.

जवळ म्हणजे तरी किती जवळ, विचारलं मी. म्हणाला, 'म्हणजे माणूस गाडीतच बसलेला असेल तेवढं.'

...

नाही, काही नाही. पाणी नको. ती कॉफी तर नकोच, मघाशी घेतली, भांडी विसळल्याचं पाणी बरं.

हे बघा आता, हे चमचे. एक, दोन—अहो, माझेच आहेत. मी घरभर शोधले, कामवालीला बोलले, बिचारी रडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही डब्याची झाकणं, आतून लव आलीये, बघू नका तुम्ही. हा टूथब्रश—गाडीत टूथब्रश कशाला लागतो माणसाला? ही बाटली मी उघडणार नाही, आत काय आहे ते देवाला माहीत. कंगवा, त्यात केसांचा गुंता. ई. आणि ही उशी. ही माझ्या सोफ्यावरची उशी आहे ताई. मधोमध खळगा पडलाय बघा, डोक्याचा, आणि तेलाचा डाग. एका दिवसात नाही पडत असा खळगा.

म्हणजे झोपतो. म्हणजे मी गॅलरीतून बघते, गाडी कोपऱ्यावर वळते आणि पुढे—पुढे पाण्याच्या टाकीमागे मैदान आहे, तिथं झाडाखाली गाड्या उभ्या असतात. कुणी तिकडे जात नाही. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर हा दिवसभर काच वर करून बसतो, माझ्या हातचा डबा खातो, माझ्या उशीवर घोरतो, आणि दिवेलागणीला दात घासून, केस विंचरून, दमून-भागून घरी येतो. आणि मी पुढ्यात गरम चहा ठेवते. दमलाय बिचारा म्हणून.

मला किळस येतेय ताई. घाणीची नाही. घाण धुता येते.

आणि त्या गोष्टी? त्यांच्या ऑफिसात एक साहेब आहे, टोप घालतो. पंखा लागला की एका हाताने टोप धरतो आणि दुसऱ्या हाताने सह्या करतो. एक कारकून आहे, दर सोमवारी त्याची एखादी काकू दगावते. एवढ्या काकू आहेत म्हणे त्याला. जावई रात्री जेवताना सांगायचे आणि मी हसून हसून बेजार. लेक दमून आलेली असते, ती 'हं' म्हणते आणि मोबाइल बघते. सांगायचे ते मलाच. मी वाट बघायचे हो. दुपारी एकटी बसलेली असले ना, की मनात यायचं, आज त्या टोपवाल्याचं काय झालं असेल. आणि हा तिथं झाडाखाली बसून माझ्यासाठी टोपवाला रचत होता. माझ्यासारखी मूर्ख मीच. चार नातेवाइकांना फोन करून सांगितलेत मी ते किस्से. मागच्या महिन्यात म्हणाला, 'आई, बढती मिळतेय बहुतेक.' मी शेजारीपाजारी पेढे—बढतीच कशाला, सरळ मालक झालो म्हणायचं होतं.

सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? गेली नोकरी तर गेली, सांगावं घरात. मी काय खाऊन टाकते की काय? तसं मला रिकामा माणूस घरात चालत नाही, ते सगळ्यांना माहितीये. माझा धाकटा भाऊ असाच घरी बसला होता, मी त्याच्या पुढ्यात ताट ठेवायचे ना, ते असं आपटून ठेवायचे की वाटीतलं खाली सांडायचं. महिन्याभरात लागला कामाला. ताटाच्या आवाजाने माणूस सुधारतो, हे मी जावयांना सांगितलंय, लग्न ठरलं तेव्हाच सांगितलंय, नंतरही कितीदा—हसायचे ते. हसायचे म्हणजे, पहिल्यांदा हसले होते. हल्ली... हल्ली मी तो किस्सा सांगायला लागले की पाणी प्यायला उठायचे.

ते राहू द्या.

थांबा, फोन वाजतोय. लेक आहे. ... हं, बोल गं. हो, इथंच आहे. काही नाही, रिमोटचा सेल गेला होता. बॅटरी बदलतायत. ... ब्रेक? ब्रेक ठीक आहेत, नव्यासारखे आहेत म्हणाला. ... काय? आज? अगं, उद्या देणार होतीस ना? ... तुझे साहेब उद्या नाहीत म्हणून आजच? आत्ता? ... नाही, माझं काही म्हणणं नाही गं, पण... अगं, जेवलीस का तू? आधी जेवून घे. ... जेवल्यावर दे. रिकाम्या पोटी कुठे कुणी राजीनामा देतं? ... अगं, मी म्हणतेय ना. आई म्हणून सांगतेय. कशाला ते विचारू नकोस. मी करते फोन, मी फोन करेपर्यंत साहेबांच्या खोलीत जायचं नाही. ऐकतेयस ना? ... ठेव.

बघितलंत? जीभ रेटत नाही माझी. दुसऱ्याच्या घरचं असतं तर टाळी वाजवून सांगितलं असतं. सांगावं तर नवव्या महिन्यात हे ऐकवायचं तिला. न सांगावं तर ती अर्ध्या तासात हातातली नोकरी सोडून मोकळी होईल, कुणाच्या जिवावर, तर झाडाखाली झोपणाऱ्याच्या. आणि तो म्हणतो 'मी आहे ना.' कुठे आहेस रे तू? थुंकावंसं वाटतं. इथं फरशी चकचकीत आहे म्हणून बसलेय गिळून.

हे बघा. आले. त्या काचेपलीकडे, निळ्या शर्टातले. घरी गेले असणार, गाडी नाही बघून धावत आले. काउंटरवर विचारतायत. तो टायवाला बोट दाखवतोय माझ्याकडे. चेहरा बघा कसा झालाय, मघाशी तांबडा होता, आता पांढरा. पिशवी दिसली. हो, दिसली. बारीक झालेत हो, ऊन लागलंय का? गाडीत काचेतून ऊन येत असेल. मरो, मला काय करायचंय.

या. उभे राहू नका, बसा इथं. ती पिशवी सरकवा बाजूला. ऑफिसातून आलात? मला काहीएक सांगू नका, तुमचं ऐकून ऐकून मला वीट आलाय. गोष्टी सांगायला येतात ना तुम्हाला? आता एकच सांगायची, आणि ती खरी. हा फोन धरा. ती राजीनामा द्यायला साहेबांच्या दाराशी थांबलीये, माझ्या फोनची वाट बघत. मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर ती पुन्हा आयुष्यात तुमचा शब्द खरा धरणार नाही. तुम्ही सांगितलंत तर रडेल, तोडून बोलेल, अबोला धरेल, ते मी निस्तरेन. ... माझ्याकडे काय बघता? ताट नाही आपटणार मी. बोला. लावलाय, वाजतोय, उचलेल आता.

ताई, तुम्ही जरा तिकडे जाऊन बसता का? आमचं घरातलं बोलणं आहे.