पैशाची पहिली नागपंचमी

नाम घेतलंत? मोठ्यानं घ्या की, फुकट आहे! हं. आता मंडळी, एका प्रश्नाचं उत्तर द्या मला. आपल्या जिवाची वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची, तर तो माणूस पारखायचा कसा? रूपावरून? बोलण्यावरून? दारातल्या गाडीवरून?

बोला! मागच्या रांगेतले दादा उत्तर मोबाइलमध्ये शोधतायत. दादा, सगळा घोळ तिथंच आहे, ठेवा तो खिशात! आणि ऐका.

तांबेवाडी नावाचं गाव. तिथं त्र्यंबकराव हेंद्रे राहायचे. एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त झाले. पण माणसाची खरी ख्याती वेगळीच — मुली बघण्यात! भावकीतली एक सून यांनी पसंत केल्याशिवाय उंबरा ओलांडून आत आली नाही. फेटा बांधायचा, लोडाला टेकायचं, पोह्यांची बशी रिकामी करायची, मिशीवरची शेव झटकायची आणि म्हणायचं, "हं मुली, जरा चालून दाखव!" काय मंडळी, हसताय? तुमच्यातल्या कितीजणांनी हेच केलंय, हात वर करा! बघा, एक हात नाही. सगळे साधुसंत!

तर निवृत्तीचे पैसे आले. बायको हौसाबाई म्हणाल्या, "अहो, मिरची कांडपाचं यंत्र घेऊ या. पंचक्रोशीत एक नाही. उखळात कुटून कुटून खांदे गेले माझे."

"मिरची?" त्र्यंबकराव म्हणाले. "अगं, जग डॉलरवर चाललंय आणि तू मिरचीवर?"

कुणीतरी त्यांच्या कानात फुंकलं होतं, फॉरेक्स! म्हणजे काय? डॉलर स्वस्तात घ्यायचा, महाग झाला की विकायचा. घरबसल्या, मोबाइलवर, धोतराची घडी न मोडता! पण डॉलर काय कोपऱ्यावरच्या वाण्याकडं मिळतो? मध्ये दलाल लागतो. त्याला म्हणायचं ब्रोकर. आणि असे ब्रोकर मोबाइलमध्ये — पावसाळ्यात बेडूक नसतील इतके! निवडायचा कुठला?

त्र्यंबकराव म्हणाले, "निवडणं? अहो, जन्म गेला माझा निवडण्यात! बोलवा पोह्यांना!"

मंडळी, खोटं सांगत नाही, रविवारी बैठक मांडली! सतरंजी, लोड, तक्क्या. समोर पाट. पाटाभोवती रांगोळी. आणि पाटावर... मोबाइल! तांब्याला टेकवून उभा! तुळसाआत्या, म्हणजे त्र्यंबकरावांची नव्वदीची आत्या, तिला दिसतं कमी. ती पुढं झाली, मोबाइलला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "सावळी आहे रे, पण नाकीडोळी नीटस!"

पहिलं स्थळ — डॉलरदाता कंपनी. पडद्यावर टाय बांधलेला पोरगा. "नमस्कार सर! खातं उघडा, तुम्ही जेवढे भराल तेवढेच आम्ही वरून घालतो! बोनस!"

"म्हणजे आहेर," आत्या म्हणाली. "घर खानदानी दिसतंय."

त्र्यंबकराव म्हणाले, "चालून दाखव."

आणि मंडळी, तो चालला! ऑफिसात या टोकापासून त्या टोकापर्यंत! अहो, पैसे येणार म्हटल्यावर तो रांगलासुद्धा असता!

दुसरं स्थळ — रॉयल पाउंड. "हॅलो, मी अ‍ॅलेक्स!" नाव अ‍ॅलेक्स, पण दुसऱ्या वाक्याला "काय की ओ मालक" म्हणतोय! सोलापूरचा अ‍ॅलेक्स! म्हणाला, "मालक, तुमचे शंभर असू द्यात, आम्ही पन्नास हजारांचा सौदा करू देतो!" हे म्हणजे आपल्या पोराच्या अंगात बळ नाही आणि उधारीचं बळ लावून त्याला कुस्तीला उतरवायचं. पडला की हाडं कुणाची मोडणार, हे अ‍ॅलेक्स सांगत नाही! त्र्यंबकराव म्हणाले, "गाणं येतं का?" त्यानं अंगाई म्हटली. अंगाई! आत्याच्या डोळ्यांना धार लागली. त्र्यंबकरावांनी तिथल्या तिथं पसंती दिली.

तिसरं स्थळ. याचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, इतका रडका चेहरा. म्हणाला, "आमचा परवाना हा. खरा आहे का, ते सरकारच्या यादीत तुम्ही स्वतः तपासा. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अंतर असतं, तो आमचा घास. आणि काका, या धंद्यात बहुतेकांचे पैसे जातात."

"अभद्र!" त्र्यंबकराव गरजले. "पाटावर बसून असं बोलतात? चालून दाखव!"

"काका, मला काम आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

झालं! रॉयल पाउंड पक्का. सगळीच्या सगळी रक्कम पाठवायची, सुपारी फोडायची, मुहूर्तसुद्धा काढला! तेवढ्यात हौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आणि जी बाई चाळीस वर्षांत बैठकीत बोलली नव्हती, ती बोलली.

"एक विचारू का? आपण कोण?"

"कोण म्हणजे? आपण वरपक्ष! बघायला बसलोय ना!"

"मग घर सोडून जाणार कोण? त्यांचे पैसे आपल्याकडं येणार, का आपले त्यांच्याकडं जाणार?"

मंडळी, आमच्या तबलजींनीसुद्धा हात थांबवला बघा!

"लेक आपली चाललीय," हौसाबाई म्हणाल्या. "आपण मुलीकडचे आहोत. फेटा कसला मिरवता? आणि मुलीकडचा माणूस एकच गोष्ट विचारतो. पहिल्या नागपंचमीला माहेरी पाठवाल ना?"

अहो, जन्मभर लोडाला टेकलेला माणूस! मुलीकडचा होऊन बसायचं कसं, हेच त्याला ठाऊक नाही! अशी चूक फक्त त्याच्याच हातून होणार!

हौसाबाईंचाच हुकूम चालला. दोघांकडे फक्त हजार हजार पाठवायचे, अ‍ॅलेक्सकडे आणि त्या रडक्याकडे. श्रावण लागला की दोघींना माहेरी बोलवायचं.

आठवड्यात काय झालं? अ‍ॅलेक्सकडच्या हजाराचे पडद्यावर अकरा हजार! त्र्यंबकराव अंगणात नाचले! "लेक बाळसं धरतीय गं! पाठव सगळे!" आणि रडक्याकडं बघावं तर हजाराचे नऊशे साठ. "वाळली," आत्या म्हणाली. "सासू जाच करत असणार."

"नागपंचमी आली," हौसाबाई म्हणाल्या. "घेऊन या दोघींना."

त्र्यंबकरावांनी अ‍ॅलेक्सला फोन लावला. "आमचे अकरा हजार पाठवा हो."

"पाठवतो की मालक! फक्त आधी कराचे दोन हजार भरा."

"बरोबर आहे, सरकारी काम," म्हणून त्र्यंबकराव भरायला निघाले! आणि अ‍ॅलेक्स पुढं म्हणतो, "मग कागद तपासायचे तीन हजार. मग पडताळणीचे..."

हौसाबाईंनी फोन हातातून घेतला. "बाळा, लेक माहेरी पाठवायला हुंडा मागतोस? कुठलं रे तुझं घर?"

खट्! फोन बंद. परत लावला — नंबर अस्तित्वात नाही. पडद्यावर अकरा हजार अजून दिसत होते, गुबगुबीत! फोटो होता हो तो. लेक केव्हाच गेली होती.

त्र्यंबकराव पायरीवर येऊन बसले. "एका हजारावर निभावलं," ते म्हणाले. "मी सगळेच पाठवणार होतो. हौसा, तुला हे सुचलं कसं?"

आणि मंडळी, इथं आख्यान हसण्याचं राहात नाही. त्या बाई म्हणाल्या, "माझी पहिली नागपंचमी. बाबांनी दारातल्या लिंबाला झोका बांधला होता. तुमच्या आईनं पाठवलं नाही. तुम्ही लोडाला टेकून बसला होता, काही बोलला नाही. बाबा चार दिवस झोका न सोडता वाट बघत राहिले. ज्या घरातून माघारी येता येत नाही, ते घर मी वासावरून ओळखते."

तेवढ्यात मोबाइल वाजला — टिंग! सकाळी माघारी मागितलेले रडक्याकडचे नऊशे साठ बँकेत जमा. ना कर, ना फी, ना लाडीगोडी. वाळली होती, रंग उतरला होता, पण लेक दारात उभी होती!

आत्यानं काय केलं? उठली, भाकरीचा तुकडा घेतला, मोबाइलवरून ओवाळला आणि बाहेर टाकला! म्हणाली, "ये गं बाई." हसा, हसा! पण डोळे पुसूनही घ्या.

निवृत्तीचे पैसे मग कुणाकडं गेले नाहीत. कांडपाचं यंत्र आलं. आजही तांबेवाडीत शिरलात की आधी शिंक येते! पण यंत्राच्या आधी एक झालं. नागपंचमीला त्र्यंबकराव फेटा न बांधता हौसाबाईंना त्यांच्या माहेरी घेऊन गेले. बाबा नव्हते, लिंब होता. भावानं झोका बांधला. साठीची बाई झोक्यावर बसली आणि वरपक्षाच्या त्या माणसानं मागून झोका दिला.

तर काय शिकलात? ब्रोकर असो, बुवा असो, पुढारी असो, आत घेताना सगळेच गोड गातात. थोडंसं देऊन माघारी मागून बघा. जो परत पाठवतो तो धनी, जो वर आणखी मागतो तो चोर. एवढं तुम्हाला पटलं, माना हलल्या, मला दिसलं.

पण थांबा! पारख दुसऱ्याची करायला सोपी असते. तुमच्याही घरी कुणीतरी आपली जिवाची वस्तू विश्वासानं दिलीय. तिच्या माहेरचा फोन आला, तर तुम्ही काय सांगता? "पाठवतो की, पण आधी कामं उरकू दे"? अ‍ॅलेक्स दुसरं काय म्हणत होता हो?

नागपंचमी परवा आहे, मंडळी. ज्यांच्या घरी सून आहे त्यांनी आरतीला थांबू नका. आरती आम्ही करतो. तुम्ही घरी जा आणि तिला पिशवी भरायला सांगा.