शिंगं बघून घेतलेली म्हैस

पेठ वडगावहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत श्यामलाबाईंच्या शेजारी सिद्धाप्पा आणि त्यांच्या भावाची मुलगी प्रेरणा बसली होती. दोघं निघाली होती प्रेरणासाठी रेसची सायकल घ्यायला.

"ती लालच घ्यायची. गिअर बघितलंस, कसलं चमकतंय!"

"काका, तिची फ्रेम जड हाय, आन् मला लांब पडतीया. रेसला जोतिबाचा घाट चढायचाय."

"फ्रेम म्हंजे नुसता सांगाडा की!"

"गिअर पुढं बदलता येत्यात. सांगाडा बदलता येतोय व्हय?"

"लई शानी झालीस. जन्मभर जनावरं पारखली म्या!"

"पारखलीसा की. शिंगांचं तेल बघून म्हस आणलीसा."

"हळू बोल, लोक ऐकत्यात."

"ऐकू द्यात. म्हशीचं निभलं, दूध विकत आणतोय. घाटात दम कुठनं विकत आणू?"

पंचगंगेचा पूल आला. काका श्यामलाबाईंकडे वळले.

"मावशी, म्हस काय बघून घ्यावी वं?"

"आमचे वडील पाय बघायचे, कास बघायचे. शिंगांकडं शेवटी."

"व्हय?" काकांनी टोपी सारखी केली. "चल प्रेरणे, हलक्या फ्रेमची घेऊ. पर घरात सांगायचं, काकांनी पारखली."